कार्यभाराच्या यादीत न मावणारे ज्ञान

बदलीचा आदेश हाती पडला की शासकीय कार्यालयात एक ठराविक क्रम सुरू होतो. कपाटे उघडली जातात, नोंदवह्या मोजल्या जातात, संचिकांचे क्रमांक पडताळले जातात, किल्ल्यांचा जुडगा मेजावर येतो. कार्यभाराची यादी तयार होते, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अशा दोन सह्या तिच्यावर होतात आणि सायंकाळी शाल-श्रीफळ स्वीकारून जाणारा कार्यमुक्त होतो. यादीतील प्रत्येक वस्तू जागच्या जागी असते. तरीही त्यानंतरचे काही महिने काम अडखळत चालते, हा अनुभव बहुतेक कार्यालयांच्या परिचयाचा आहे.

उदाहरणादाखल एखाद्या गावाची नळपाणीपुरवठा योजना घ्यावी. योजनेचा आराखडा, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका ही कागदपत्रे दप्तरी असतात. परंतु वरच्या आळीला पाणी चढवायचे तर खालच्या आळीचा व्हॉल्व्ह अर्धाच बंद करावा लागतो, पुरता बंद केला तर जुना सांधा गळू लागतो. रस्त्याचे डांबरीकरण झाले तेव्हा एक व्हॉल्व्ह खडीखाली गेला, तो शाळेच्या कुंपणापासून किती पावलांवर आहे. वैशाखात विहिरीला पुन्हा पाणी भरण्यास किती तास लागतात, हे सारे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यास ठाऊक असते आणि बहुधा त्या एकट्यासच. तो निवृत्त झाला की ग्रामपंचायतीला तेच पुन्हा नव्याने, प्रसंगी रस्ता खणून, शिकावे लागते. शिकण्याचा हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविलेला नसतो. तो गावाने मात्र भरलेला असतो. बहुतेक वेळा गावातील स्त्रियांनी, डोईवरच्या हंड्याने.

संस्थेजवळ असलेले ज्ञान ओळखणे, त्याचे जतन करणे आणि ज्याला त्याची निकड आहे त्याच्यापर्यंत ते वेळेवर पोहोचविणे, या कामास ज्ञान-व्यवस्थापन असे नाव मिळाले आहे. व्यवस्थापनशास्त्रात ही संज्ञा १९९० नंतरच्या दशकात रूढ झाली. त्याच सुमारास कार्यालयांत संगणक आले आणि त्यामुळे एक गैरसमजही पसरला. माहिती संगणकात साठविली म्हणजे ज्ञान जतन झाले, असे अनेकांस वाटू लागले. वस्तुतः संगणक हे मोठे कपाट आहे. कपाटात काय ठेवावयाचे आणि काय त्यात मावणारच नाही, हा विचार माणसानेच करावयाचा असतो.

बोलके ज्ञान आणि अबोल ज्ञान

जन्माने हंगेरियन आणि पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले मायकेल पोलानी हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. उत्तरायुष्यात ते तत्त्वज्ञानाकडे वळले. १९५८ आणि १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांतून त्यांनी असे प्रतिपादन केले की, मनुष्याला जे कळते त्याचा मोठा भाग त्याला शब्दांत सांगता येत नाही. सायकल चालविणारा तोल कसा सांभाळतो हे तो सांगू शकत नाही. तो फक्त सांभाळतो. भाकरीचे पीठ किती मळावे हे विचारले तर घरातली जाणती स्त्री ‘हाताला कळते’ एवढेच उत्तर देते, आणि ते उत्तर खरेही असते. नियम, तक्ते, नकाशे, परिपत्रके हे बोलके ज्ञान. हाताला, डोळ्याला आणि अनुभवाला कळलेले ते अबोल ज्ञान.

हे अबोल ज्ञान संस्थेच्या मालकीचे कसे करता येते, याचे जपानमधील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ओसाका येथील मात्सुशिता इलेक्ट्रिक या कंपनीचे तंत्रज्ञ १९८५ साली घरगुती पाव बनविणारे यंत्र तयार करीत होते. यंत्र कणीक मळे, पण पाव वरून करपे आणि आतून कच्चा राहत असे. यंत्राने मळलेली कणीक आणि कसबी माणसाने मळलेली कणीक यांची क्ष-किरण छायाचित्रेही घेऊन पाहण्यात आली. उलगडा झाला नाही. तेव्हा संगणक-आज्ञावली लिहिणाऱ्या इकुको तनाका यांनी ओसाका इंटरनॅशनल हॉटेलातील मुख्य पाववाल्याकडे उमेदवारी केली. त्या त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या, पाहत राहिल्या, स्वतः मळू लागल्या. कणीक केवळ दाबली जात नाही, ती ताणली जाते आणि ताणताना तिला पीळ दिला जातो, हे त्यांच्या ध्यानी आले. ते यंत्रात उतरविण्यासाठी अभियंत्यांसह बरेच प्रयोग करावे लागले. यंत्राच्या आतील बाजूस खास कंगोरे बसवावे लागले. १९८७ साली ते यंत्र बाजारात आले. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या जपानी प्राध्यापकांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही हकीकत मांडली आणि ती जगभर पोहोचली.

या हकीकतीत ध्यानात घ्यावयाची गोष्ट यंत्र ही नव्हे. त्या पाववाल्यास एखादा छापील तक्ता देऊन ‘आपली पद्धत यात भरून द्यावी’ असे कळविले असते तर त्याने तो प्रामाणिकपणे भरला असता, आणि नेमकी पीळ देण्याची गोष्ट त्यातून गळाली असती. कारण आपण पीळ देतो हे त्याच्या कधी लक्षातच आले नसावे. त्याच्या शेजारी कुणीतरी उभे राहणे आवश्यक होते.

रुमालात बांधलेले दप्तर

बोलके ज्ञान जपण्याच्या बाबतीत महाराष्ट्राचा वारसा लहान नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत. कागद ज्या कापडात बांधून ठेवले जात त्यासच रुमाल म्हणत आणि आजही दप्तराची गणना रुमालांनीच होते. महसूल खात्यात गाव नमुना १ पासून २१ पर्यंतच्या नोंदवह्यांनी गावाची जमीन, वहिवाट, पीक आणि वसुली यांचे चित्र उभे केले. सातबारा हा शब्द तर कार्यालय ओलांडून घराघरांत गेला. सातवा आणि बारावा असे दोन नमुने त्यात एकत्र झाले आहेत, हे अनेकांच्या स्मरणातही नसते.

कार्यालयातील प्रत्येक मेजासाठी ठरवून दिलेली सहा गठ्ठ्यांची पद्धत याच परंपरेतील. कार्यवाहीची प्रकरणे, प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवावयाचे कागद आणि नाश करावयाचे कागद असे ते सहा गठ्ठे. यांपैकी स्थायी आदेशांच्या गठ्ठ्याकडे ज्ञानाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. त्या मेजावरील विषयासंबंधीचे सर्व शासन निर्णय व परिपत्रके क्रमवार लावलेली असतील, तर नवा लिपिक पहिल्याच आठवड्यात विषय समजू शकतो. ज्या मेजावर हा गठ्ठा अद्ययावत असतो, ते मेज माणूस बदलला तरी थांबत नाही. दुर्दैवाने सहांपैकी सर्वांत दुर्लक्षित गठ्ठा बहुधा हाच असतो. त्याच्यावाचून आज काही अडत नाही, अडते ते उद्या आणि दुसऱ्याचे. १९८० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची आणि अभिलेखांची जी फेरमांडणी केली, ती ‘लखिना पॅटर्न’ या नावाने ओळखली गेली. हवा तो कागद हवा तेव्हा सापडणे, हीही मोठी गोष्ट आहे, हे तिने दाखवून दिले.

पण कागद सापडणे आणि कागद वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी लिपी शिकविली जात असे. ती शिकविणे थांबले आणि एका पिढीच्या अवधीत मोडी सहज वाचणारी माणसे दुर्मिळ झाली. कागद जेथल्या तेथे होते. वाचणारा डोळा मात्र निघून गेला होता. २०२३ साली मराठवाड्यात आणि पुढे राज्यभर जुन्या कुणबी नोंदींचा शोध घेण्याचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा अनेक ठिकाणी मोडी जाणणाऱ्यांचा शोध आधी घ्यावा लागला. दप्तर जपले आणि जाणता जपला नाही तर काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण देणे कठीण आहे.

न्याहारीच्या मेजावरील गोष्टी

झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी १९८० नंतरच्या दशकात छायाप्रतींची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला. कंपनीने या तंत्रज्ञांना मोठमोठ्या मार्गदर्शिका दिल्या होत्या. ऑर यांना आढळले की, यंत्र बिघडते ते मार्गदर्शिकेत लिहिल्याबरहुकूम बिघडत नाही. अवघड बिघाडांवरचा उपाय तंत्रज्ञांना मिळत असे तो एकमेकांच्या बोलण्यातून. न्याहारीला किंवा दुपारच्या जेवणाला एकत्र बसले की ते आदल्या दिवशीच्या यंत्राची गोष्ट सांगत. कशाने फसलो, कशाने सुटलो, हे त्यात असे. लांबून पाहणाऱ्यास तो वेळेचा अपव्यय वाटला असता.

पुढे कंपनीने या गोष्टी सर्वांपर्यंत पोहोचविण्यासाठी ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली. तिचा आरंभ फ्रान्समध्ये झाला. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहून द्यावयाची, जाणत्या सहकाऱ्यांनी ती पारखावयाची आणि मग ती लिहिणाऱ्याच्या नावानिशी सर्वांना उपलब्ध व्हावयाची. रोख बक्षिसापेक्षा आपले नाव युक्तीखाली असणे तंत्रज्ञांना अधिक मोलाचे वाटले. आपल्याकडील कार्यालयांत टिपणीखाली स्वाक्षरी असते, पण कामाची एखादी सुधारित रीत शोधून काढणाऱ्या लिपिकाचे नाव पुढच्या परिपत्रकात कोठे उरत नाही, ही तुलना येथे केल्यावाचून राहवत नाही.

किल्लारीहून कच्छकडे

अनुभवाची देवघेव केवळ कंपन्यांना साधते असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली. हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गाडली गेली. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्याखेरीज जी घरे पडली नव्हती पण दुबळी झाली होती, त्यांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम शेकडो गावांत घेण्यात आला. हे काम घरमालकानेच करावयाचे होते. शासनाचे साहाय्य हप्त्याहप्त्याने मिळे आणि अभियंते तांत्रिक सल्ला देत. तेव्हा शासन आणि घरमालक यांच्यामधील दुवा म्हणून गावोगावी ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. त्यांत गावातील महिला मंडळांच्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांच्या प्रशिक्षणाचे काम केले.

या स्त्रियांनी काय शिकून घेतले? सिमेंटचे प्रमाण, भिंतीतून आरपार जाणारा दगड, कोपऱ्यांचे बंध, काँक्रीटचा पट्टा हे तर शिकल्याच. हप्ता अडला तर कोणत्या मेजाकडे जावे, गवंडी कामचुकारपणा करतो तो नेमका कोठे, घरातील माणूस गेल्याच्या दुःखात बुडालेल्या कुटुंबाला घराच्या कामाला कसे लावावे, हेही त्या शिकल्या. हे दुसरे ज्ञान कोणत्याही आराखड्यात नव्हते.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि उस्मानाबादच्या स्त्रिया आणि गवंडी गुजरातमध्ये गेले. भाषा वेगळी होती, घरांची घडण वेगळी होती. तरीही आठ वर्षांपूर्वी ज्यांच्या डोक्यावरचे छप्पर गेले होते त्या स्त्रिया समोर येऊन बसल्या, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या मनातील संशय गळून पडण्यास मदत झाली. २००४ च्या डिसेंबरमधील सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पुन्हा असेच घडले आणि त्या वेळी लातूरच्या स्त्रियांसोबत गुजरातच्या स्त्रियाही सांगणाऱ्यांत होत्या. किल्लारीचे अहवाल उपलब्ध होते व ते उपयोगीही होते. पण अहवालाला प्रश्न विचारता येत नाही.

हातचे राखण्याची कारणे

ज्ञान वाटल्याने कमी होत नाही, असे सुभाषितकार सांगतात. कार्यालयातील लोकांचा यावर पुरता विश्वास नसतो, आणि त्यास कारणे आहेत. एखाद्या विषयाची खाचखळगे फक्त आपल्यालाच ठाऊक आहेत, तोवर आपल्याला कोणी हलविणार नाही, अशी भावना पुष्कळ वर्षे एकाच मेजावर काम केलेल्या माणसाच्या मनात असते. तिला केवळ स्वार्थ म्हणून झिडकारणे सोपे आहे. ज्याला अनुभवाखेरीज दुसरी प्रतिष्ठा मिळाली नाही, तो अनुभव घट्ट धरून ठेवणारच.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. सर्वांत उपयुक्त ज्ञान बहुतेकदा चुकीतून आलेले असते. अमुक ओढ्यावरचा बंधारा दुसऱ्याच पावसाळ्यात का गळू लागला, अमुक जागी विंधण विहिरीला पाणी का लागले नाही, हे पुढच्या माणसाला समजले तर त्याचे वर्ष आणि शासनाचा पैसा वाचतो. पण चूक लिहून ठेवणे म्हणजे लेखापरीक्षणात आक्षेप ओढवून घेणे, अशी भीती असते. म्हणून कामाच्या अहवालात ‘काम समाधानकारकरीत्या पूर्ण’ असे लिहिले जाते आणि तीच चूक पुढच्या गावी पुन्हा केली जाते. बेपर्वाईने झालेले नुकसान आणि प्रामाणिक प्रयत्नातील अपयश यांत वरिष्ठ जोवर उघडपणे फरक करीत नाहीत, तोवर कोणतीही नोंदवही आखून दिली तरी ती कोरी राहील.

जाताना काय सांगावे

२००५ च्या महाराष्ट्राच्या बदल्यांविषयीच्या अधिनियमाने एका पदावरील सामान्य कार्यकाळ तीन वर्षांचा ठरविला आहे. ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांची. आरक्षण फिरते असल्याने आणि २०११ पासून राज्यातील पंचायत राज संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी असल्याने दर निवडणुकीनंतर सभागृहात नवे चेहरे मोठ्या संख्येने येतात, आणि ते योग्यच आहे. म्हणजे माणसे बदलत राहणार, हे गृहीत धरूनच व्यवस्था असली पाहिजे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवावयाचे आहेत आणि निर्णय घेण्याची आपली कार्यपद्धतीही स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. हे कलम नागरिकांसाठी आहेच. पण आपल्याच कार्यालयाची कार्यपद्धती वाचण्याची सर्वाधिक गरज कधी कधी तेथे नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्यास असते.

कार्यभाराच्या यादीसोबत दोन पानांचे टिपण दिले गेले, तर पुष्कळ साधेल. त्यात कपाटांची संख्या नको. न्यायालयात कोणती प्रकरणे आहेत आणि पुढची तारीख कोणती. कोणते काम का थांबले आहे, निधीअभावी की भाऊबंदकीमुळे. कोणता उपाय करून पाहिला आणि तो का फसला. कोणत्या गावी कोणाचा शब्द चालतो. एखादा निर्णय वरकरणी विचित्र वाटला तरी तो तसा का घेतला, एवढे असावे. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. संचिकेत निर्णय असतो, त्यामागील अडचण बहुधा नसते आणि नवा अधिकारी तो निर्णय फिरवून त्याच अडचणीत सापडतो. शक्य असेल तेथे जाणारा आणि येणारा यांनी चार दिवस एकत्र फिरावे. टिपणात जे उतरत नाही ते बांधावर उभे राहिल्यावर आठवते.

शिक्षकांसाठी केंद्रस्तरावर दरमहा होणारी शिक्षण परिषद ही अशीच एक तयार जागा आहे. तिचा वेळ परिपत्रके वाचून दाखविण्यात गेला तर ती एक बैठक उरते. पण भागाकारात अडलेली चौथीची मुले कशी सुटली, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले परतल्यावर वर्गात पुन्हा कशी रुळली, हे एका शिक्षिकेने दहा मिनिटे सांगितले आणि इतरांनी तिला प्रश्न विचारले, तर न्याहारीच्या मेजावर त्या तंत्रज्ञांनी केले तेच येथेही घडते.

आणि पाणी सोडणाऱ्या त्या कर्मचाऱ्याचे काय? त्याच्याकडून अहवाल मागविण्यात अर्थ नाही. त्याने आयुष्यात कधी अहवाल लिहिलेला नसतो. निवृत्तीपूर्वीच्या उन्हाळ्यात, योजनेवर ताण असतो तेव्हा, त्याची जागा घेणाऱ्या तरुणाने महिनाभर पहाटे त्याच्यासोबत निघावे. सुटीपूर्वी एखाद्या शनिवारी शाळेतील सातवीची मुले आणि एक शिक्षक यांनी त्याच्या मागोमाग जलवाहिनीच्या कडेने चालावे. तो थांबेल तेथे थांबावे, पावले मोजावी, खूण कोणती ते विचारावे आणि वहीत नकाशा काढावा. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा आणि त्याखाली माहिती देणारा म्हणून त्या कर्मचाऱ्याचे नाव लिहावे.